पाच शतांश

रविवारी सकाळी, इंजिन गार असतानाच,
अण्णा सोप्यावर बसून सांगतात
आणि मी अंगणात पोतं अंथरून करते.
असं ठरलंय गेल्या श्रावणापासून,
त्यांच्या उजव्या हातातून स्पॅनर सुटला तेव्हापासून.
तो हात आता मांडीवर असतो,
आपल्याशीच काहीतरी मोजत.

गाडी तीच. पुढचं मडगार्ड पिवळं,
डिचोली स्टँडवरच्या सत्तावीस वर्षांचं.
हिच्यावरून गेली मानकुरादांची पाटी, एक बोकड,
आणि मयेचा एक भटजी, सोवळ्यात,
जो वाटभर म्हणत राहिला, शिवू नकोस रे बाबल्या,
आणि व्हाळशीच्या उताराला
कमरेला मिठी मारून बसला.

एअर फिल्टर उघडला.
खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, बार्जी गंजल्या,
तरी स्पंज पिळला की रॉकेलमध्ये
तांबडं उतरतंच.
"कितीही धू," अण्णा म्हणाले,
"तेवढं राहायचंच. माझ्या छातीतसुद्धा असेल."
हसले. खोकले. पुन्हा हसले.

मग टॅपेट.
सतराचा लाव, झाकणं काढ, फ्लायव्हील फिरव,
हळू, हळू, टीची खूण समोर आली? थांब.
आता ते पान काढ, सगळ्यांत पातळ.
पाच शतांश मिलिमीटर.
कांद्याच्या आतल्या सालीसारखं, धरलं तरी न धरल्यासारखं.
मी विचारलं, किती सैल ठेवायचं?
कारखान्याच्या हिशेबात मी रुपयाला पैशापर्यंत नेते,
मला आकडा हवा होता.
त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली:
"आईला विचार, कासार बांगडी कशी चढवतो.
अडली पाहिजे, पण दुखता कामा नये."

नट आवळला की फट बदलते.
स्क्रू धरला की नट निसटतो.
तीनदा झालं.
चौथ्यांदा मी शिवी दिली,
स्टँडवरची, इनासकडून लहानपणी ऐकलेली,
आणि आत आईच्या किसणीचा आवाज थांबला.

अण्णा काही बोलले नाहीत.
उठले. खांब. पायरी. अंगण.
उकिडवे बसू पाहिलं, जमेना,
तेव्हा पाय पसरून पोत्यावरच बसले
आणि हात पुढे केला.
पान त्यांच्या बोटांत असं फडफडलं
की मला दुसरीकडे बघावं लागलं,
अबोलीकडे, अबोलीखालच्या कोंबडीकडे.

पुन्हा पाहिलं तर पान आत होतं.
आत-बाहेर, आत-बाहेर,
त्यांना काही करावंच लागत नव्हतं.
हात आपला थरथरत होता
आणि डोळे मिटून ते फक्त बघत होते
कुठे अडतं ते.
"अजून. केसभर.
परत केसभर.
आवळ आता. आवळ गो!"

तिसऱ्या किकला सुरू.
अण्णांनी मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून
मूठ कानाला लावली, बराच वेळ,
जसा कुणी लांबचा फोन आलाय.
टिकटिक नाही, म्हणाले.
वॉशर एक उरला. तो कशाचा, दोघांनाही कळेना.
डबीत टाकला, आधीच्या चारांबरोबर.

साखर आणि खोबरेल चोळून हात धुतले,
तरी नखांत काळं घेऊनच
मी ट्रायलला निघाले, सारमानसच्या धक्क्यापर्यंत.
फेरी नुकती लागलेली.
चोडणहून आलेली एक बाई, पिशवीत खुबे,
पाणी ठिबकतंय,
तिने लांबूनच पिवळं मडगार्ड पाहिलं
आणि हात वर केला.
जवळ आल्यावर मला पाहिलं,
हात तसाच राहिला, अर्धा.
मग म्हणाली, "डिचोली?"

म्हटलं, बसा.

पिशवी दोघींच्या मध्ये ठेवून ती नीट बसली,
साडीचा पदर आवरला, खांद्यावर हात ठेवला,
आणि पिळगावचं वळण मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं,
हल्ली भाडं किती घेतात,
ते अण्णांना विचारायचंच राहिलं.